कळ बेंबीपाशी, चोर उजवीकडे

पोरांनो, आपल्या भिलाईच्या मैत्रीबागेतला पांढरा वाघ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पण आपल्या देशाची आणखी एक 'मैत्री' आहे, ती कुणाला ठाऊक आहे? नाही ना? ती अंटार्क्टिकावर आहे. तिथल्या बर्फात शिरमाखर नावाचा एक उघडा, खडकाळ पट्टा आहे. 1989 साली भारताने तिथे संशोधन केंद्र उभारलं आणि त्याचं नाव ठेवलं मैत्री. आणि गंमत बघा, भिलाईला जसे रशियन शेजारी लाभले, तसे तिथेही लाभले. मैत्रीपासून पाचेक किलोमीटरवर त्यांचं केंद्र आहे, नोवोलाझारेवस्काया. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये रशियन नावं ऐकण्यात माझी नोकरी गेली, तरी हे नाव एका दमात म्हणताना जीभ अडखळते.

आजची गोष्ट त्या केंद्रातली.

"भुताची?" धाकटीने विचारलं.

भुताची नाही, पोटदुखीची. नाक मुरडू नकोस, आधी ऐक तर खरं.

साल 1961, महिना एप्रिल. इकडे आपली पहिली ब्लास्ट फर्नेस पेटून दोन वर्षं झाली होती. 12 तारखेला युरी गागारिन पृथ्वीला फेरी मारून सुखरूप उतरला आणि रशियात दिवाळी झाली. गागारिन तेव्हा 27 वर्षांचा होता. अगदी त्याच वयाचा, त्याच्याच जन्ममहिन्यातला लिओनिद रोगोझोव नावाचा एक डॉक्टर तेव्हा पृथ्वीच्या तळाशी, नुकत्याच उभ्या राहिलेल्या नोवोलाझारेवस्कायात होता. केंद्रात डझनभर माणसं. कुणी हवामानाचा जाणकार, कुणी मेकॅनिक, कुणी ड्रायव्हर. डॉक्टर मात्र एकच.

29 एप्रिलच्या सकाळी या डॉक्टरलाच अस्वस्थ वाटू लागलं. अंगात त्राण नाही, मळमळतंय, कणकण आहे. मग पोट दुखायला लागलं आणि दुखणं हळूहळू उजवीकडे खाली जाऊन बसलं. दुसऱ्या कुणाचं असं दुखलं असतं तर त्याला क्षणात कळलं असतं. स्वतःचंही त्याला कळलं. त्याने अँटिबायोटिक घेतली, पोटावर गार पट्ट्या ठेवल्या, रात्र काढली. दुसऱ्या दिवशी ताप चढला, ओकाऱ्या वाढल्या. दुसरं रशियन केंद्र सोळाशे किलोमीटरहून लांब. बाहेर असं वादळ की विमान उडणं शक्य नाही.

आता इथे जरा थांबू या.

"आबा! हे काय!" थोरला ओरडला.

ओरडू नकोस. त्याच्या पोटात काय चाललं होतं ते कळल्याशिवाय त्याने पुढे काय केलं यातली मजा कळायची नाही. आणि परवापासून तुम्ही मला एकच विचारताय ना, की शेजारच्या दादाला रात्री गाडीत घालून सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात का नेलं, आणि सकाळी गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खाऊन हसत असलेला मुलगा रात्री वाकडा होऊन का चालत होता? त्याचं उत्तरही यातच आहे. आणि हो, त्या बिचाऱ्या गुपचुपवाल्याचा यात काही दोष नाही.

पोटात उजवीकडे खाली, कंबरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला, लहान आतडं मोठ्या आतड्याला येऊन मिळतं. त्या जोडाच्या खाली मोठ्या आतड्याची थैली असते आणि थैलीला लोंबते एक नळी. सहा ते दहा सेंटीमीटर लांब, माझ्या करंगळीपेक्षा बारीक, एका टोकाने बंद. हेच अपेंडिक्स. शाळेच्या पुस्तकात त्याला आंत्रपुच्छ म्हणतात, पण डॉक्टरसमोर जाऊन कुणी 'माझं आंत्रपुच्छ दुखतंय' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

कुत्र्या-मांजरांना ते नसतं. मैत्रीबागेतल्या माकडांनाही नसतं. सशाला मात्र चांगलं लांबलचक असतं आणि चिंपांझी-गोरिलालाही असतं. चार्ल्स डार्विनने 1871 साली लिहून ठेवलं की हा पूर्वजांचा राहून गेलेला, निरुपयोगी अवशेष असावा. शंभरेक वर्षं सगळे तेच म्हणत आले. पण पुढे शास्त्रज्ञांनी सस्तन प्राण्यांच्या वंशावळी जुळवून पाहिल्या, तेव्हा दिसलं की उत्क्रांतीच्या वाटेवर अपेंडिक्स तीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे तयार झालंय. निरुपयोगी वस्तू निसर्ग पुन्हापुन्हा कशाला घडवेल? 2007 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अंदाज मांडला. जोराची हगवण लागली की आतड्यातले आपल्या कामाचे जिवाणू धुऊन जातात. तेव्हा या आडोशाला राहिलेले जिवाणू पुन्हा आतड्यात पसरून संसार मांडत असावेत. अंदाज पटण्यासारखा आहे, शेवटचा शब्द मात्र अजून कुणी लिहिलेला नाही. अपेंडिक्स काढून टाकलेली माणसं ठणठणीत जगतात, हेही तितकंच खरं.

आता बिघाड कसा होतो ते सांगतो, आणि हे मी प्लांटमधल्या माणसासारखंच सांगणार. मेंटेनन्सवाल्याला पाइपलाइनमध्ये सगळ्यात जास्त कशाची धास्ती असते? डेड एंडची. जिथून पुढे वाट नाही अशा तुकड्याची. वाहत्या लाइनीत घाण आली तरी पुढे निघून जाते, डेड एंडला गाळ बसतो आणि तिथेच लोखंड आतून खात जातं. अपेंडिक्स हा शरीरातला डेड एंड. कधी विष्ठेचा कडक झालेला खडा त्याच्या तोंडाशी अडकतो. कधी त्याच्या भिंतीतल्या रोगप्रतिकारक गाठीच सुजून तोंड बंद करतात. या गाठी तरुणपणी सगळ्यात जास्त असतात, म्हणूनच हा आजार दहा ते तीस या वयात अधिक दिसतो. पेरूच्या आणि सीताफळाच्या बिया गिळल्या की अपेंडिक्स होतं, असं माझी आई बजावायची. बी सापडते, पण क्वचित. पेरू खा खुशाल.

तोंड बंद झालं तरी आतलं अस्तर चिकट पाणी सोडतच राहतं. जायला वाट नाही, दाब वाढतो. आधी रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक शिरा दबतात, मग आत आणणाऱ्याही. नळी फुगते, लाल होते, जिवाणू माजतात. रक्त मिळेनासं झालं की भिंतीचा तो भाग काळा पडून मरतो. आणि मेलेली भिंत फाटते. मग नळीतला पू आणि घाण पोटाच्या पोकळीत सांडते, त्यातून जीवघेणा जंतुसंसर्ग होतो. कुणाची नळी कधी फाटेल याचं वेळापत्रक नसतं. पण दुखणं सुरू झाल्यापासून साधारण चोवीस-छत्तीस तास उलटले की धोका चढत जातो. लहान मुलांमध्ये तर त्याहूनही लवकर, कारण त्यांची भिंत पातळ आणि त्यांना नीट सांगताही येत नाही.

"पण आबा, शेजारचा दादा तर म्हणत होता की त्याची बेंबी दुखतेय," मधली म्हणाली. "अपेंडिक्स तर उजवीकडे असतं ना?"

शाब्बास. हाच तर निसर्गाचा चमत्कार, आणि इथेच भलेभले फसतात.

तू आईच्या पोटात होतीस, सहा आठवड्यांची, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. तेव्हा तुझं आतडं अगदी मधोमध एक सरळ नळी होतं. ते इतकं भराभर वाढलं की पोटात मावेना. म्हणून ते नाळेच्या मुळाशी, म्हणजे आजच्या बेंबीतून, चक्क बाहेर आलं. महिनाभर तिथे वाढलं, वाढता वाढता घड्याळाच्या उलट दिशेने पाऊण फेरी फिरलं आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत आत गेलं. त्या फिरण्यात अपेंडिक्स उजवीकडे खाली जाऊन बसलं. पण त्याच्या नसा जिथून निघाल्या होत्या तिथेच राहिल्या. पाठीच्या कण्यात छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर त्या आजही शिरतात. आणि बेंबीभोवतीच्या कातडीच्या नसा कुठे शिरतात? तिथेच. मेंदूला नुसतं कळतं की दहाव्या पातळीवर काहीतरी बिनसलंय. तो म्हणतो, बेंबी दुखतेय. म्हणून पहिली कळ मधोमध, बोटाने दाखवता न येणारी, गॅस धरल्यासारखी.

मग काही तासांनी सुजलेली नळी पोटाच्या आतल्या अस्तराला टेकते. या अस्तराच्या नसा नेमक्या असतात, कातडीसारख्या. तेव्हा दुखणं उजवीकडे खाली जातं आणि माणूस एका बोटाने जागा दाखवतो. खोकलं की कळ, उडी मारली की कळ, गाडी खड्ड्यातून गेली की कळ. भूक मेलेली असते. ओकारी आलीच तर बहुधा दुखणं सुरू झाल्यानंतर येते, आधी नाही. हा प्रवास, बेंबीकडून उजव्या कुशीकडे, सगळ्यांत दिसत नाही. कुणाचं अपेंडिक्स आतड्यामागे दडलेलं असतं, त्याची पाठ दुखते. गरोदर बाईचं वर सरकलेलं असतं. म्हाताऱ्यांना फारसं दुखतच नाही, माझ्यासारख्यांनी तर जास्तच जपावं. पण प्रवास दिसला तर समजायचं, चोर सापडला.

तर आपला रोगोझोव. 30 एप्रिलच्या रात्री त्याने ठरवलं: ऑपरेशन करायचं, आणि ते आपणच करायचं.

धाकटीने तोंडावर हात ठेवला. ठेव. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा ठेवला होता.

त्याने माणसं नेमली. हवामानाचा अभ्यास करणारा आर्तेमेव हत्यारं हातात देणार. मेकॅनिक तेप्लिन्स्की आरसा आणि दिवा धरणार. केंद्रप्रमुख बाजूला उभा, कारण या दोघांपैकी कुणी घेरी येऊन पडलं तर हात हवा. आपली शुद्ध हरपली तर कुठलं इंजेक्शन द्यायचं, श्वास कसा चालू ठेवायचा, हेही त्याने त्यांना शिकवून ठेवलं. मग तो डाव्या कुशीकडे जरा कलून, अर्धवट बसता राहिला. पोटाच्या भिंतीत नोव्होकेन टोचून तेवढी जागा बधिर केली आणि दहा-बारा सेंटीमीटरची चीर दिली. आरशात सगळं उलटं दिसायचं, हात चुकायचा, म्हणून त्याने हातमोजे काढले आणि बोटांच्या स्पर्शाने शोधू लागला. मध्ये आतड्याला टोचलं गेलं, ते आधी शिवलं. अर्ध्या-पाऊण तासाने गरगरायला लागलं, तेव्हा थोडं काम, थोडी विश्रांती असं चालवलं. शेवटी नळी हाती आली. तिच्या मुळाशी काळा डाग. आणखी एक दिवस गेला असता तर ती फुटलीच असती, असं त्याने नंतर लिहिलं. पावणेदोन तासांत सगळं आटोपलं. दोन आठवड्यांत गडी कामावर हजर. पुढे तो 2000 सालापर्यंत जगला.

"पण त्याने आधी औषधं घेतली ना? मग ती का नाही लागू पडली?" थोरल्याने बरोबर बोट ठेवलं.

नुसत्या अँटिबायोटिकवर अपेंडिक्स बरं होतं का, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडलाय. फिनलंडमध्ये याचा मोठा अभ्यास झाला. साधं, न फुटलेलं अपेंडिक्स असलेल्या माणसांना नुसती औषधं दिली. वर्षभरात 100 पैकी 27 जणांना अखेर ऑपरेशन करावं लागलं, पाच वर्षांत हा आकडा 39 पर्यंत गेला. म्हणजे निवडक माणसांना औषध चालतं. पण ती माणसं निवडली होती सीटी स्कॅन करून, आणि उपचार झाले हॉस्पिटलात. घरी राहून मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणणं म्हणजे तो उपाय नव्हे.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. तुमच्या आजीचं माहेर पुण्याचं, तिने ससून हॉस्पिटलातली ती खोली पाहिली आहे. 1924 सालचा जानेवारी. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची सजा भोगत होते, वय 54. पोट दुखू लागलं, ताप आला. कर्नल मॅडॉक हे ससूनचे इंग्रज सर्जन. त्यांनी तपासलं आणि ओळखलं. 12 जानेवारीला गांधीजींना ससूनमध्ये आणलं. मुंबईहून डॉक्टर दलाल आणि डॉक्टर जीवराज मेहता यांना बोलवावं अशी गांधीजींची इच्छा होती. तेवढा वेळ हातात नव्हता. पुण्यातले डॉक्टर फाटक आणि नेते श्रीनिवास शास्त्री यांना बोलावलं. गांधीजींनी संमतीचं निवेदन लिहवून त्यावर सही केली, आणि रात्री ऑपरेशन सुरू झालं.

आणि ऐन ऑपरेशनमध्ये वीज गेली! नर्सने बॅटरी धरली, तीही बंद पडली. शेवटी कंदिलाच्या उजेडात मॅडॉकने काम पुरं केलं. तेव्हा पेनिसिलीनचा शोधही लागलेला नव्हता. जखमेत पू झाला, बरं व्हायला वेळ लागला आणि 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली. हे तेच गांधीजी बरं का, ज्यांनी 1909 साली 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टर आणि दवाखाने यांच्यावर सडकून टीका केली होती. तत्त्व आपल्या जागी राहिलं, सही झाली. मला यात विसंगती दिसत नाही, शहाणपण दिसतं.

आता शेजारच्या दादाचं. रात्री नऊला कळ आली. आईला वाटलं गॅस, ओवा दिला. इथपर्यंत कुणाचंही असंच होतं. मग घरात एकेक सल्ले सुरू झाले. एक म्हणे बेंबी सरकलीय, चोळून बसवणारी बाई बोलवा. दुसरा म्हणे एरंडेल द्या, पोट साफ होऊन जाईल. तिसरा म्हणे गरम पाण्याच्या पिशवीने शेका. आणि सगळ्यात भारी सल्ला: दुखायचं थांबेपर्यंत दर दोन तासांनी पेनकिलर. नशीब, त्याची आत्या नर्स आहे. तिने फोनवर एवढंच विचारलं, "कळ हलली का?" आणि हलली म्हटल्यावर म्हणाली, "उचला त्याला."

एरंडेल का नाही? जुलाबाच्या औषधाने आतडं जोराने आवळतं, तुंबलेली नळी फुटायला तेवढं निमित्त पुरतं. चोळण्याचंही तेच. आणि पेनकिलरवर पेनकिलर खाल्ली की दुखणं झाकलं जातं, रोग वाढत राहतो. दवाखान्यात तपासल्यावर डॉक्टर दुखणं कमी करायचं इंजेक्शन देतात ती गोष्ट वेगळी, तिथे कुणीतरी लक्ष ठेवून असतं. आणखी एक फसवी गोष्ट सांगतो. खूप दुखता दुखता एकदम बरं वाटतं. घरचे देवाला नारळ फोडतात. ते बरं वाटणं कधीकधी नळी फुटल्याचं असतं, दाब सुटलेला असतो. काही तासांनी सगळं पोट लाकडासारखं कडक होतं आणि मग हात जोडून उपयोग नसतो.

झॅकरी कोप नावाच्या इंग्रज सर्जनने 1921 साली पोटदुखी ओळखण्यावर एक पुस्तक लिहिलं, ते अजून डॉक्टर वाचतात. त्यात त्याचा एक नियम आहे: आधी धडधाकट असलेल्या माणसाचं पोट जोरात दुखू लागलं आणि सहा तास थांबलं नाही, तर बहुतेक वेळा ते सर्जनचं काम असतं. शंभर वर्षं झाली, नियम टिकून आहे. एक्स-रे नाही, सोनोग्राफी नाही, नुसतं घड्याळ. तुमच्या आईला हे मी पाठ करून ठेवायला सांगितलंय.

आपल्या छत्तीसगडात, तिकडे विदर्भातही, आणखी एक भानगड असते. सिकलिंग, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आजार. पुष्कळ घरांत असतं, पुष्कळांना ठाऊकही नसतं. सिकलिंगच्या झटक्यात पोट असं दुखतं की अपेंडिक्सच वाटावं, आणि उलटही होतं: सिकलिंग म्हणून सलाइन लावून ठेवलं आणि आत अपेंडिक्स पिकत होतं. म्हणून घरात कुणाला सिकलिंग असेल तर ते डॉक्टरला पहिल्यांदा सांगायचं. भूल देणाऱ्यालाही ते कळायला हवं. मुलींच्या बाबतीत अंडाशयाची गाठही तिथेच दुखते, ते डॉक्टर सोनोग्राफीत पाहतात.

"दादाचं पोट केवढं कापलं?" धाकटीला शेवटी हेच हवं होतं.

तीन छोटी भोकं. दुर्बीण घालून काढतात आता. 1980 साली कुर्ट झेम नावाच्या जर्मन डॉक्टरने पहिल्यांदा तसं केलं, तेव्हा त्याच्याच देशातले सर्जन त्याच्यावर तुटून पडले होते. आता सगळे तेच करतात. दादा उद्या-परवा घरी येईल. आला की त्याच्यासमोर हसवणूक करू नका, टाके दुखतात.

आणि तुम्हा तिघांपैकी कुणाचं पोट दुखलं तर लपवायचं नाही, शाळा बुडेल म्हणूनही नाही आणि इंजेक्शनच्या भीतीनेही नाही. आईला सांगा, मला सांगा. गाडी नसेल तर 108 ला फोन लावा. निघाल्यावर वाटेत काही खायचं-प्यायचं नाही, कारण पोट भरलेलं असलं तर भूल देताना धोका वाढतो. आणि कळ किती वाजता सुरू झाली, पहिल्यांदा कुठे दुखलं, शेवटचं काय आणि केव्हा खाल्लं, हे आईच्या मोबाइलवर लिहून ठेवा. कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.